धुतलेलं कोकरू

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. रोज. रडगाणं नाही, फुशारकी नाही, खोटं तर मुळीच नाही.

मेंढीपैदास केंद्रावर रुजू झालो. हेड ऑफिसमधून ही बदली मी स्वतः मागून घेतली. म्हणजे मोठ्या साहेबांनी यादी पुढे केली आणि म्हणाले, "यातलं निवडा." यादीत एकच नाव होतं. मी क्षणात निवडलं. निर्णयक्षमता. साहेब म्हणाले, "तिथे शांतता मिळेल तुम्हाला. आम्हालाही." माझ्यामागे ऑफिस सुनं सुनं होणार हे त्यांनी या शब्दांत कबूल केलं. निरोप समारंभ झाला नाही. सगळ्यांच्या मनात होता, पण घाईत राहून गेला.

क्वार्टर दोन खोल्यांचं. एक खिडकी रस्त्याकडे, दुसरी मेंढ्यांच्या शेडकडे. रस्त्यावरून कोणी जात नाही.

सौ. सध्या मुलीकडे असते. मुलीचं पहिलं बाळंतपण मार्चमध्ये आहे, त्याची तयारी करायला गेली आहे. जाऊन दोन वर्षं होतील. दूरदृष्टी तिच्यात पहिल्यापासूनच.

संकल्प: पाचला उठणे. चहा सोडणे. मुलीला दर रविवारी फोन करणे, आणि तिने उचलला नाही तर वाईट वाटून न घेणे.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम सोपं आहे. सध्या मेंढ्या व्यायचा हंगाम. कोणती मेंढी किती वाजता व्यायली, कोकरं किती, पहिलं दूध किती वाजता प्यायलं आणि शेवटच्या रकान्यात 'आईने जवळ केलं: हो / नाही'. एवढं रजिस्टरमध्ये लिहायचं. कारकुनी वाटते. खरं तर संशोधन आहे.

शेडवर दोघी असतात. एक डॉक्टरीणबाई. वय तीसच्या आत, हुशार, पण मला 'काका' म्हणतात. शास्त्रज्ञांनी एकमेकांना काका म्हणू नये. दुसऱ्या मावशी. चाळीस वर्षं मेंढ्यांत काढलेल्या. त्या मला 'भाऊसाहेब' म्हणतात, पण म्हणताना दुसरीकडे बघतात.

आज पहिल्यांदा वेत पाहिलं. मेंढी पायाने पेंढा उकरत होती, गोल गोल फिरत होती. मग पाणमोट फुटली आणि चिकट, पिवळसर पाणी पेंढ्यावर सांडलं. आश्चर्य म्हणजे कोकरू बाहेर यायच्या आधीच ती वळून तो ओला पेंढा चाटायला लागली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं: एरवी हीच मेंढी या पाण्यापासून दूर पळते. फक्त व्यायच्या वेळी तिला ते हवंसं होतं. कोकरू त्याच पाण्यात भिजून येतं, म्हणून ती त्याला चाटते. चाटता चाटता त्याचा वास शिकते. तास-दोन तासांत शिक्षण पूर्ण. पुढे शंभर कोकरांतून ती आपलं नेमकं ओळखते आणि दुसऱ्याला पाजत नाही, धडक मारते.

मावशींनी मूठभर ओला पेंढा उचलून कडेच्या एका मेंढीपुढे धरला. तिचे दिवस अजून भरायचे होते. तिने नाक मुरडलं आणि चार पावलं मागे गेली. व्यायलेली मेंढी मात्र मावशींच्या मुठीमागे धावली.

मावशी म्हणाल्या, "भाऊसाहेब, उग्र वास आहे, सवय होईल." मला काही वास आला नाही. म्हणजे सवय झालीसुद्धा. तिसऱ्या दिवशी.

पाचला उठलो नाही. नवीन जागा.

८ फेब्रुवारी, शनिवार

दूध करपलं. मावशी शेडमधून धावत आल्या, गॅस बंद केला, पातेलं बाहेर नेऊन ठेवलं. मी त्याच खोलीत, चार हातांवर, खुर्चीत होतो. विचारात असलो की मी असा असतो. मावशी म्हणाल्या, "वास नाही आला?" म्हटलं, सर्दी आहे. सर्दी आहेच. मागच्या वर्षीही होती.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलीला फोन. उचलला नाही. इथे नेटवर्क कमी आहे.

शेडच्या पायरीवरून भरपूर येतं, असं मावशी म्हणाल्या. पायरीवरून केला. तिथूनही उचलला नाही. म्हणजे नेटवर्क तिकडे कमी आहे.

वाईट वाटून घेतलं नाही. दोनदा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुस्तिका लिहायला घेतली. 'मेंढीचं मातृत्व: एक अनुभवसिद्ध विवेचन'. अनुभव आठ दिवसांचा आहे, पण सखोल. प्रस्तावना झाली. प्रस्तावनेत स्वतःबद्दल थोडं आहे. साडेचार पानं.

केंद्राची ही थोर परंपरा आहे की वरचे लोक उंटावरून शेळ्या हाकतात. मी मात्र प्रत्यक्ष मेंढ्यांत उतरलो आहे. हातात चामड्याचे मोजे घालून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

महत्त्वाचा दिवस. शांतपणे लिहितो.

उद्या मोठे साहेब पाहणीला येणार. दुपारी मावशी जेवायला गेल्या होत्या, डॉक्टरीणबाई वरच्या शेडमध्ये. २१४ नंबरची मेंढी माझ्या देखत व्यायली. पहिलारू आहे, तिचं हे पहिलंच. कोकरू पडलं ते थेट शेणाच्या चिखलात. अंगभर पिवळा चिकट राप, नाकातोंडात लाळ, चिखल, पेंढा. ती वळली, एकदोनदा जीभ लावली. मी विचार केला: ही बिचारी दमलेली, आणि उद्या साहेब. माणसाने माणुसकी दाखवायची ती अशा वेळी नाही तर कधी?

कोकरू उचललं. क्वार्टरवर आणलं. कोमट पाण्याने, माझ्या स्वतःच्या गुलाबाच्या साबणाने, दोनदा धुतलं. माझ्या टॉवेलने पुसलं. कंगवा फिरवला. थंडी वाजू नये म्हणून पाऊण तास मांडीवर घेऊन हीटरपुढे बसलो. ते थरथरत होतं, मग थांबलं. माझ्या शर्टाचं बटण चोखत होतं. इतकं पांढरं कोकरू या केंद्राच्या इतिहासात कोणी पाहिलं नसेल.

मधल्या वेळात परत जाऊन २१४ ची जागाही झाडली, पेंढा बदलला, फिनेल टाकून धुतली. एका हाताने. दुसऱ्या हातात कोकरू.

मग ते आईपुढे ठेवलं. तिने हुंगलं. मागे सरली. पुन्हा हुंगलं. आणि धडक मारली. कोकरू उठून पुन्हा तिच्याकडे गेलं, तिने पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मी मध्ये पडलो, ती मला लागली. गुडघ्याला. ती सगळीकडे शोधत होती, ओरडत होती, धुतलेल्या फरशीला नाक लावत होती. कोकरू तिच्या पुढ्यात उभं.

मावशी आल्या. त्यांनी कोकराला नाक लावलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी रजिस्टर उघडलं. "वार कुठाय? पहिला पेंढा कुठाय? त्यातलं थोडं चोळलं तरी घेईल ती." म्हटलं, स्वच्छता केली. वार खड्ड्यात, चुना टाकून. पेंढा जाळला. मावशी भिंतीला टेकून बसल्या. मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहिलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आईला त्याची ओळख पटवणारी एकच गोष्ट त्याच्या अंगावर होती. ती तुम्ही मोरीत सोडलीत." वर असंही म्हणाल्या की म्हाताऱ्या, चारपाच वेतांच्या मेंढीने कदाचित घेतलंही असतं. पहिलारूला दुसरी कुठली खूण माहीत नसते.

विज्ञानात मोठे शोध अपघातानेच लागतात. पुस्तिकेत याचं वेगळं प्रकरण करावं.

गुडघा सुजला आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

साहेबांनी पाहणी रद्द केली.

२१४ ला बांधून कोकरू पाजायचा प्रयत्न सकाळपासून तीनदा झाला. ती खाली बसते. दूध पिळून बाटलीत काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही धुतलंत, तुम्हीच पाजा. दर तीन तासांनी." शिक्षा म्हणून म्हणाल्या असाव्यात. मी चेहरा पाडला.

खोक्यात जुनी चादर घालून कोकराची सोय पलंगाशेजारी केली आहे. मादी आहे. मावशींनी नाव ठेवलं: साबणी. मला ते पसंत नाही, पण ती त्याच नावाला कान हलवते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

साबणी माझ्यामागे चालते. क्वार्टर ते शेड, शेड ते ऑफिस, ऑफिस ते नळ. मी थांबलो की थांबते. मी संडासात गेलो की बाहेर ओरडते. माझ्यासाठी इतक्या तळमळीने आजवर कोणी ओरडलेलं नाही. माझ्यावर, हो.

पाचला उठतो आहे. संकल्प पाळला जात आहे याची नोंद व्हावी.

सौ.ला फोन केला, सगळं सांगितलं. उत्साहात सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आपली झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी आलात. ऑडिट होतं. मी तुमच्या हातात द्यायला गेले तर म्हणालात, आधी नीट पुसून घ्या, मग द्या."

मी म्हटलं, ते आरोग्याच्या दृष्टीने.

ती म्हणाली, "हो."

साबणी ओरडली. सौ. म्हणाली, "जा, भूक लागली असेल तिला." आणि ठेवला.

एकूण चांगलं बोलणं झालं. सहा मिनिटं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज एक किरकोळ प्रसंग. लिहिलाच पाहिजे असा नाही.

सकाळी साबणीला बाटली देत बसलो होतो. मावशी दार ढकलून आत आल्या, नाकाला पदर, दोन्ही खिडक्या उघडल्या, साबणीला एका बगलेत आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. गॅसचं बटण रात्रीपासून अर्धवट चालू होतं म्हणे. खोली भरली होती. साबणी डुलत होती, मी समजत होतो पोट भरलं म्हणून पेंगते आहे.

डॉक्टरीणबाई आल्या. मला डोळे मिटायला सांगितले आणि नाकाखाली एकामागून एक तीन बाटल्या धरल्या. मी ओळखलं: गुलाब, लिंबू, पेट्रोल. तिन्ही वेळा फिनेल होतं. पेट्रोल त्यातल्या त्यात जवळ आहे, पण त्यांनी गुण दिले नाहीत.

"कधीपासून, काका?"

म्हटलं, सर्दी.

"कधीपासून?"

दोन वर्षांपूर्वी ताप आला होता. आठ दिवस. तेव्हापासून वास नाही, चवही नाही. चहा म्हणजे गरम पाणी. जेवण म्हणजे मऊ आणि कडक. परत येईल असं वाटत होतं. अजूनही वाटतं. घरी बोललो नाही, उगाच काळजी. जेवताना सौ. रोज विचारायची, "कशी झालीय?" मी म्हणायचो, "ठीक." तिने काय काय करून पाहिलं. मी म्हणत राहिलो, ठीक. एकदा तिने मुद्दाम मीठ घातलं नाही. मी तेव्हाही म्हटलं, ठीक. तिने ताट उचललं आणि आत गेली. मला वाटलं, वाढायला गेली.

यातलं शेवटचं डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. इथेही लिहायचं नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "इतके दिवस नाकाने कांदे सोलत होते, आणि नाकाला कांद्याचा पत्ता नाही." डॉक्टरीणबाई त्यांना गप्प करत म्हणाल्या की वास न येणारी मेंढी कोणाचंही कोकरू जवळ करते. तिला आपलं-परकं कळतच नाही.

हे कौतुक होतं असं मी धरून चालतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

साबणीचं पोट बिघडलं. अंगाला लागत नाही. पाय काड्यांसारखे. मी तिला घड्याळ लावून पाजतो, खोकं रोज उन्हात घालतो, तिच्याशी बोलतो. तरी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला आई पाहिजे. बाटलीवर जगेलही, पण कळपात गेली की हिला मेंढी असणं जमणार नाही. पुढे व्यायल्यावर स्वतःच्या कोकराचं काय करायचं हेही कळणार नाही कदाचित. एखादीचं कोकरू मेलं की हिला तिच्याखाली लावून बघू.

मी विरोध नोंदवला. लेखी. तीन पानं. मुद्दे भक्कम होते: सातत्य, प्रेम, हीटर. डॉक्टरीणबाईंनी तळाशी लिहिलं: 'काका, नाही.' आणि खाली, बारीक अक्षरात: 'मलाही वाईट वाटतंय.'

ऑफिसच्या कागदावर असं लिहू नये. तो कागद फाइलला न लावता माझ्याकडेच ठेवला आहे.

२ मार्च, रविवार. दुपारी २.००

सकाळी मावशींची हाक आली. ८८ नंबर, म्हातारी मेंढी, सहावं वेत. कोकरू मेलेलंच आलं. मोठं होतं, सुंदर होतं. मावशी म्हणाल्या, "भाऊसाहेब, साबणीला आणा. बाटली देऊ नका, भुकेलीच आणा. धावत या."

मी धावलो. थोडा हळू धावलो, हेही लिहितो.

मावशींनी ८८ च्या अंगाखालचं पाणी घमेल्यात धरून ठेवलं होतं. मेलेल्या कोकराच्या अंगावरचा चिकट रापही त्यांनी ओरबाडून त्यात घेतला. मी साबणीला धरायचं आणि त्यांनी माखायचं. डोकं, पाठ, पोट, शेपटीखाली तर जास्तच, कारण पिताना आई तिथेच हुंगते. पंधरा दिवसांची आहे, उड्या मारील, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचे तीन पाय सैल बांधले. आत्ताच जन्मल्यासारखी धडपडली पाहिजे. मी मोजे घातले नव्हते. विसरलो. कोपरापर्यंत सगळं माखलं. गरम होतं. हे गरम असतं हे मला माहीत नव्हतं. आठवड्यामागून आठवडे रजिस्टर लिहिलं, पण उघडा हात लावला नव्हता; साबणीला धुतलं तेव्हाही मोजे होते.

साबणीला ८८ च्या तोंडाशी ठेवलं. मी धरूनच होतो, ती माझ्या हाताबाहेर जायला तयार नव्हती. ८८ ने हुंगलं. आम्ही तिघंही श्वास रोखून. मावशी डोळ्यांनी म्हणाल्या, हलू नका.

मग ती घशातून बोलली. बाहेर ऐकू येणार नाही असा खोल, घुमणारा आवाज. मेंढ्या तो फक्त आपल्या नव्या कोकराशी काढतात. आणि चाटायला लागली. साबणीचं डोकं, कान, मान. माझी बोटं साबणीच्या मानेखाली होती. तिने तीही चाटली. मग मनगट. मग वर, बाहीपर्यंत. खरखरीत, गरम जीभ. आणि तेच घशातलं बोलणं, मध्ये खंड नाही. पाणी माझ्याही अंगावर होतं. तिला काय कळणार कुठलं कोकरू आणि कुठला कारकून.

मावशी दोनदा म्हणाल्या, "सोडा आता." तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

साबणीने ११.४० ला कास धरली. शेपटी हलत होती. ८८ मागे वळून शेपटीखाली हुंगत होती.

रजिस्टरमध्ये: ८८. कोकरू १ (मेलेलं). दुसरं लावलं. 'आईने जवळ केलं: हो.'

मनगटाची नोंद केली नाही. रकाना नाही.

३ मार्च, सोमवार

हलकं वाटतं आहे. दर तीन तासांची कटकट संपली. आता पुस्तिका झपाट्याने होईल.

साबणीला बघून आलो. सहा वेळा. ८८ पुढच्या पायाने जमीन आपटते, मी जवळ गेलो की साबणीला पाठीशी घालते. साबणी माझ्याकडे बघत नाही. पीत होती. प्रत्येक वेळी पीतच होती. डॉक्टरीणबाईंनी मला दोन आठवडे शेडच्या त्या बाजूला बंदी केली आहे.

कालचा शर्ट तसाच खुंटीला आहे. मावशी दारातूनच म्हणाल्या, "तो जाळा तरी नाहीतर धुवा तरी, माशा घोंगावतायत." मला काही त्रास नाही त्याचा. तासभर नाकाशी धरून बसलो. काही नाही. कापड.

धुतला.

९ मार्च, रविवार

सौ.चा मेसेज: 'परवा मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.'

आजोबा झालो! परवाच झालो होतो. गडबडीत कळवायला उशीर होतोच. मी स्वतः तीन दिवस लावले होते.

मुलीला फोन केला. उचलला! म्हणजे नेटवर्क सुधारलं. मी अभिनंदन केलं आणि वेळ न दवडता मुद्द्यावर आलो: बाळाला आंघोळ घालू नका. निदान घाई नको. साबण तर नाहीच. छातीशी धर, हुंगत राहा, पहिले तास फार महत्त्वाचे, मी स्वतः प्रयोग केले आहेत, पहिलारूंमध्ये तर—

ती म्हणाली, "बाबा, मी मेंढी आहे का?"

म्हटलं, तसं नाही, पण तत्त्व—

ती म्हणाली, "बाबा, टाके दुखतायत. हसवू नका." आणि खरंच थोडी हसली. किंवा रडली. फोनवर सारखंच ऐकू येतं.

बुधवारी जाणार. आठ दिवसांची रजा टाकली. आठ दिवसांचे कपडे भरले. सौ.शी नाकाचं बोलायचं, हा पक्का संकल्प.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६.३०, परतीच्या बसमध्ये

फाट्यावरून सकाळची बस मिळाली. अकराला पोचलो. दार सौ.ने उघडलं. तिने आधी बॅगेकडे पाहिलं. मोठी बॅग. मग म्हणाली, "या." मी बॅग दाराबाहेरच ठेवली, ती म्हणाली आत घ्या, मी म्हटलं राहू दे, मग तिनेच आत घेतली आणि चपलांच्या कपाटाशेजारी ठेवली. सगळं बोलणं झालं तोवर बॅग तिथेच होती.

मुलगी झोपली होती. जावई कामावर. घर लहान, बाळाचे कपडे सगळीकडे वाळत घातलेले. मी सोफ्याच्या टोकावर बसलो. पाहुणे बसतात तसा.

सौ.ने बाळ आणलं. माझ्या हातात द्यायच्या आधी क्षणभर थांबली. मी काही म्हणतो का, याची वाट बघत असावी. मी हात पुढे केले.

एवढीशी. मुठी आवळलेल्या. मी तिचं डोकं नाकाशी नेलं. लोक नेतात तसं. खोल श्वास घेतला.

सौ. बघत होती. म्हणाली, "काय झालं?"

मी म्हटलं, "कसा येतो?"

"काय कसा?"

"वास. हिचा. मला येत नाही. कशाचाच येत नाही. त्या तापापासून."

ती खाली बसली. समोर. दोन वर्षं मागे जाऊन एकेक ताट उचलून बघत असावी.

"मीठ नव्हतं त्या दिवशी," ती म्हणाली.

"हो. नंतर कळलं."

"मग सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, प्रवासात तयार केलं होतं, मुद्देसूद. ते आठवेना. म्हटलं, "वाटलं, येईल परत."

बाळ रडायला लागलं. सौ.ने घेतलं. माझ्या हातांत घेतल्यापासून तीन मिनिटं झाली होती, सवयीने घड्याळ पाहिलं. तिने बाळाच्या टाळूला नाक लावलं, डोळे मिटले, शब्द शोधत राहिली. "दुधाचा," म्हणाली. "नाही. दुधाचा नाही. उन्हात वाळलेल्या... नाही हो. सांगता येत नाही मला." तिचे डोळे भरले होते. मला त्या वेळी उठून तिच्याशेजारी जाऊन बसायचं होतं. सोफा आणि खुर्चीमध्ये एक टब होता, बाळाच्या आंघोळीचा, त्यात पाणी होतं. मी टबाकडे बघत बसलो.

मुलगी उठली, आली, 'बाबा, वाळलात,' म्हणाली, बाळाला घेऊन आत पाजायला गेली. दार लोटून घेतलं. जेवण झालं. सौ.ने विचारलं नाही कशी झालीय. फक्त मिठाची वाटी माझ्या बाजूला सरकवली.

मग घरात कोणी कुठे झोपतं याची चर्चा निघाली. जावई सोफ्यावर झोपतो सध्या. मी लगेच म्हटलं, मला थांबता येणार नाही, हंगाम आहे, माझ्याशिवाय शेड अडतं. कोणी आग्रह केला नाही, कारण मी फार ठामपणे म्हणालो. ठामपणा कधी कधी नडतो.

दारात सौ. म्हणाली, "पुढच्या वेळी कळवून या."

म्हणजे पुढची वेळ आहे.

१७ मार्च, सोमवार

बंदी उठली. साबणी कुंपणात पंधरावीस कोकरांत खेळत होती. उड्या, धडका. तब्येत उत्तम. मी कुंपणाशी उभा राहून हाक मारली. एकाही कोकराने मान वळवली नाही. ८८ ने वळवली.

मावशी मागून म्हणाल्या, "चांगलं झालं ना, भाऊसाहेब."

म्हटलं, झालं. खरंच झालं.

पुस्तिका सध्या बाजूला ठेवली आहे. प्रस्तावनेत दुरुस्त्या फार निघाल्या. वाचता वाचता स्वतःबद्दलची साडेचार पानं काढली, तेव्हा खाली काही उरलं नाही.

२२ मार्च, शनिवार. दुपारी ४.१५

हंगाम संपला. कळप काल सकाळी वरच्या कुरणात गेला. मीही तयारीने उभा होतो, बूट घालून, रजिस्टर घेऊन. मेंढके म्हणाले, तिथे लिहायला काही नसतं. डॉक्टरीणबाई दुसऱ्या केंद्रावर गेल्या. जाताना म्हणाल्या, "काका, गॅसवाल्या शेगडीऐवजी विजेची घ्या." मावशी त्यांच्या बहिणीकडे, सप्टेंबरपर्यंत. शेड झाडून, धुऊन कोरडं. मी एकटाच. निवांतपणा हवाच होता.

दुपारी फोन वाजला. पहिल्या रिंगला उचलला.

राँग नंबर. एक बाई, वयस्कर आवाज, कुणा प्लंबरला शोधत होत्या. मी म्हटलं, मी प्लंबर नाही, पण नळाला झालंय काय? त्यांनी सांगितलं. मला काही कळलं नाही, तरी दोन सूचना केल्या. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, मेंढ्यांत असतो. मग मेंढ्यांचं सांगितलं. मग बाळाचं. त्यांनी विचारलं, "कोणासारखी आहे?" म्हटलं, नीट पाहिली नाही, तीन मिनिटंच होती हातात. त्या म्हणाल्या, "अहो, मग पुन्हा जा की. लहान बाळं काय, आठवड्यात बदलतात."

अकरा मिनिटं बोललो. त्यांच्याकडे नळ गळत होता तरी.

बरोबर आहे त्यांचं. उद्याच जाणार. कळवून जाणार. बॅग लहान घेणार. सौ.ला मेसेज केला: 'उद्या सकाळी येतो. संध्याकाळी परत जाईन.' तिचं लगेच उत्तर आलं: 'या.'

लगेच!

फाट्यावर जाऊन बसची वेळ बघून आलो. अडीच किलोमीटर जाऊन, अडीच येऊन.

रविवारी बस नसते.